खडबडीत काठ

३ मार्च, सोमवार

आज धाकट्याने मी केलेला पाय घातला आणि हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालला. मी हसत होते आणि रडतही होते. तो म्हणाला, "ताई, आधी दोन्हीपैकी एक काहीतरी ठरव, मग मी परत फिरतो."

म्हणून हे लिहायला बसले. मला दैनंदिनीचा नाद कधीच नव्हता. पण इतकी वर्षं लोकांचे पाय केले आणि घरच्या माणसाचा पहिल्यांदाच केला, तेव्हा कुठेतरी लिहून ठेवावंसं वाटलं. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आमची कार्यशाळा आहे. वर डॉक्टर कापतात, खाली आम्ही जोडतो. मागच्या वर्षी धाकटा शिडीवर उभा राहून एका दुकानाची पाटी रंगवत होता, आणि रिव्हर्स येणाऱ्या ट्रकने शिडीच उडवली. डावा पाय गुडघ्याखाली वीतभर उरला. गुडघा वाचला हे नशीब म्हणायचं. गुडघा असलेला आणि नसलेला माणूस यांच्या चालण्यात किती फरक असतो ते मी रोज बघते.

उरलेल्या पायाला आम्ही स्टंप म्हणतो. त्यावर सिलिकॉनचा मऊ, रबरासारखा मोजा चढवायचा, तो लायनर. लायनरवर कडक वाटी, वाटीखाली दांडा आणि पाऊल. धाकट्याच्या स्टंपवर वाकडातिकडा व्रण आहे, त्यामुळे तयार लायनर एकही धड बसेना. मग मीच साचा केला, मीच ओतला. आपलं काम आपण केलं की कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

घरही सज्ज केलं आहे. उंबरे काढून टाकले, गालिचा गुंडाळून ठेवला, त्याची खाट हॉलमध्ये आणली, पाण्याचा माठसुद्धा हाताशी ठेवला. "आता फक्त छत खाली आणायचं राहिलं," तो म्हणाला. जिभेला हाड नाही त्याच्या. पण घरात आता बोलणारं माणूस आहे, हे मला फार बरं वाटतं.

९ मार्च, रविवार

धाकटा फाटकापर्यंत जाऊन आला. मी मागोमाग होतेच. "तू अशी मागे चालतेस की वाटतं मी काहीतरी चोरून नेतोय," म्हणाला. मी म्हटलं, चोरलंस तर पळता येणार आहे का तुला? दोघंही हसलो.

जेवताना विचारत होता, तुझे रोगी जिने किती चढतात. मी सांगितलं, शहाणे रोगी लिफ्टने जातात.

१७ मार्च, सोमवार

फोड आला आहे, गुडघ्याच्या मागे, लायनरचा काठ येतो नेमका तिथे. मला आश्चर्य वाटलं. घरातल्या घरात चालणाऱ्याला फोड आला तर तो समोर हाडावर येतो, नाहीतर खाली टोकाला. मागे येतो तो सारखा गुडघा दुमडणाऱ्यांना. मी विचारलं, "दिवसभर करतोस काय?"

"काय करणार? बसतो. तू ठेवलेलं खातो."

खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नाही, म्हणजे दोष माझ्या लायनरचाच असणार. लायनर आतून पुरेसा गुळगुळीत नसेल, म्हणून कातडी घासत असेल. साचा पुन्हा घासायला घेते.

त्याच्या नखांत निळा रंग दिसला. म्हणाला, बाल्कनीतल्या कुंडीला हात फिरवला. मला तर कुंडी जुनीच दिसली, पण माझ्या चष्म्याचा नंबरही वाढला असेल. नव्या बुटाची टाचही झिजली आहे. हल्ली कंपन्या वस्तू विकतात की थट्टा करतात कळत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

साचा असा चकचकीत केला आहे की प्लास्टरवाली त्यात बघून केस विंचरायला लागली. प्लास्टरवाली म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी. स्टंपची मापं ती प्लास्टरमध्ये घेते आणि जगाची मापं तोंडाने. "अगं, भावाचा पाय आहे, आरसा नाही," म्हणाली. मी ऐकलं नाही. बारीक कागद, मग त्याहून बारीक, मग पॉलिशचं मलम, मग फडकं. खांदे भरून आले.

ओतलेला लायनर काढला तेव्हा काचेसारखा चमकत होता. धाकट्याने चढवला आणि त्याच्या स्टंपवर तो असा बसला, जणू त्याचीच कातडी. जरा म्हणून हलत नाही. "घट्ट धरतोय गं," तो म्हणाला. मी म्हटलं, धरायलाच हवं. मला मनातून फार अभिमान वाटला, तो इथे लिहायला हरकत नाही.

६ एप्रिल, रविवार

उन्हाळा चढला आहे. सगळ्या रोग्यांचे लायनर घामाने भरतात. धाकट्याचा तर पिळावा असा होतो. बसल्या जागी एवढा घाम कसा, कोण जाणे.

आज त्याने अंडी केली आणि भात लावला. भात खाली लागला, पण मी दोनदा मागून घेतला. बिचारा मला हातभार लावायला शिकतो आहे. जेवून झाल्यावर विचारलंन, "माळ्यावरचा जुना स्टोव्ह चालतो का गं अजून?" मी म्हटलं, गॅस असताना स्टोव्हची काय आठवण? तो म्हणाला, सहजच.

हॉलमध्ये टर्पेंटाइनचा वास येत होता. माझ्याच कपड्यांना असणार, कार्यशाळेत दिवसभर कसले कसले वास अंगाला बसतात.

१२ एप्रिल, शनिवार

काय लिहू. आज लायनर उतरवताना कातडी बरोबर निघून आली.

संध्याकाळी तो खाटेवर बसला होता आणि लायनर सुटेना. मी म्हटलं, थांब, मी काढते. काठ धरून खाली गुंडाळायला लागले, तर गुडघ्यामागची कातडी रबराबरोबर ताणत आली, आणि मग रबर सुटलं पण कातडी राहिली नाही. तो ओरडला नाही. त्याने खाटेची कड धरली आणि "होऊ दे, होऊ दे" म्हणत राहिला.

तसंच हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टरीणबाई मला वर्षानुवर्षं ओळखतात, त्यामुळे आडपडदा ठेवत नाहीत. "पाय बंद. जखम भरेपर्यंत कुबड्या. आणि नीट ऐका, दोघंही. ही जागा एकदा भरेल. पुन्हा अशीच फाटली आणि आत पू झाला, तर झाकायला तिथे धड कातडी उरणार नाही. मग मला गुडघ्याच्या वर जावं लागेल."

मी इतकं घासलं, इतकं गुळगुळीत केलं, आणि त्यानेच घात केला. अति तेथे माती म्हणतात ते उगाच नाही. पण गुळगुळीत वस्तू कातडी कशी काढते? खडबडीत काढते हे कळतं. गुळगुळीत?

२१ एप्रिल, सोमवार

जखम सुकते आहे. धाकटा कुबड्यांवर आहे आणि तोंड फुगवून आहे. संध्याकाळी मी आले की आम्ही पत्ते खेळतो. तो लबाडी करतो, मी पकडते. मग चहा. खरं सांगायचं तर हे दिवस मला आवडले. कुलूप न उघडता घरात शिरायचं सुख मला फार वर्षांत मिळालं नव्हतं. त्याच्या जखमेच्या जिवावर मी सुखात आहे असं कुणी म्हणेल, पण तसं नाही.

तो फोन बाल्कनीत जाऊन घेतो. काल कानावर पडलं, "अहो, दुसऱ्या कुणाला देऊ नका, एवढे दिवस द्या मला, वरचा भाग मीच पूर्ण करतो." मोबाइलवर कसलासा खेळ खेळतो, त्यातलंच असेल. माणसं खेळातसुद्धा अहो-जाहो करतात हे मला माहीत नव्हतं.

२ मे, शुक्रवार

प्लास्टरवालीचा दीर टायरच्या प्रयोगशाळेत आहे. रबर रस्त्याला किती धरतं, किती घसरतं, याच्यावर त्याने आयुष्य घातलं. प्लास्टरवाली म्हणाली, "तुझं रबर, त्याचं रबर. जाऊन तरी बघ." गेले.

टायरवाले सर म्हणजे गमतीचा माणूस. बोलता बोलता टेबलावर, भिंतीवर, स्वतःच्या गालावर तळवा फिरवत असतात. मी चकचकीत लायनर पुढे ठेवला. त्यांनी तो बोटाला लावला, हळूच ओढला, आणि म्हणाले, "मॅडम, हा तर गोंद केलाय तुम्ही."

मी म्हटलं, गोंद कुठला, स्वच्छ सिलिकॉन आहे.

मग त्यांनी डब्यावर लावायचं पातळ प्लास्टिक आणलं. काचेच्या भांड्यावर ताणलं, लगेच चिकटलं. खरखरीत लाकडी फळीवर ताणलं, तर वाऱ्यासरशी उडालं. म्हणाले, "तेच प्लास्टिक, गोंद कशालाच नाही. मग फरक कशाचा?"

त्यांनी सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. कुठलीही वस्तू पुरेशी जवळून बघितली की तिच्यावर उंचवटे आणि खळगे असतात, काचेवरसुद्धा, फक्त फार बारीक. दोन कडक वस्तू एकमेकींवर ठेवल्या तर फक्त शेंडे शेंड्यांना टेकतात. एवढं मोठं कपाट जमिनीवर उभं असतं, पण खरं टेकलेलं असतं नखाएवढंच. जास्त वजन घातलं की जास्त शेंडे टेकतात, म्हणून ढकलायला जास्त जोर लागतो. रबराचं वेगळं. रबर मऊ, त्यात कातडी मऊ, आणि घामाने ती आणखी मऊ होते. दोन मऊ आणि गुळगुळीत वस्तू भेटल्या की खळगे भरून निघतात, सगळीकडून सगळं टेकतं, आणि टेकलेलं चिकटतं. खडबडीत केलं की रबराला प्रत्येक खळग्यात वाकून शिरावं लागतं. वाकायला जोर पडतो आणि तोच जोर त्याला पुन्हा मागे ढकलतो. म्हणून ते सुटतं.

"आणखी दोन गोष्टी," ते म्हणाले. "चिकटायला काही लागत नाही, सोडवायला मात्र भरपूर ओढावं लागतं. आणि जितका वेळ टेकून राहील, तितकी पकड वाढत जाते."

हे शेवटचं मला नीट कळलं नाही, पण लिहून ठेवते.

मी विचारलं, मग सगळा लायनर खडबडीत करू? ते हसले. "मग पाय रस्त्यात सोडून माणूस पुढे जाईल. पकड हवी तिथे पकड, सुटका हवी तिथे सुटका. जखम कुठे आहे?" मी सांगितलं, मागे, काठाशी. त्यांनी हाताने गुडघा वाकवल्यासारखं केलं. "तिथे कातडी सगळ्यात जास्त ताणते. किती वाकवतो तो गुडघा?"

"अहो, तो घरात बसून असतो."

"बसून असतो?" ते म्हणाले, आणि स्वतःच्या गालावर हात फिरवत राहिले.

५ मे, सोमवार

दातांच्या विभागात बारीक वाळूचा फवारा मारायचं यंत्र आहे. दुपारी ते मोकळं होतं, तेव्हा साचा तिथे नेला. खालचा भाग चकचकीतच ठेवला. वर काठाकडे जाताना फवारा वाढवत नेला, शेवटी काठ तर चुन्याच्या भिंतीसारखा झाला. एवढ्या मेहनतीने केलेली चमक मीच घालवत होते. प्लास्टरवाली म्हणाली, "गेली बाई तुझी केस विंचरायची सोय."

नवा लायनर काठाशी हाताला पावडर लावल्यासारखा लागतो. जखम भरली आहे. डॉक्टरीणबाईंनी दिवसातून थोडा वेळ परवानगी दिली, तीही सपाट जमिनीवर. धाकट्याने तो चढवला, उतरवला. उतरवताना तो सालीसारखा निघाला. तो इतका खूश झाला की त्याने माझे गाल ओढले. लाज नाही.

१० मे, शनिवार

आज दुपारी बसने जाताना चौकात सिग्नल लागला, आणि समोर बेकरीच्या पाटीखाली शिडी होती, आणि शिडीवर धाकटा होता.

पुढच्या थांब्यावर उतरले आणि धावत मागे आले. एक टेम्पो उभा होता, त्याच्याआड थांबले. हाक मारली नाही. मारली असती तर तो दचकला असता. उजवा पाय वर, डावा, म्हणजे माझा, खालच्या पायरीवर दुमडलेला. पिवळ्या पाटीवर निळी अक्षरं. बे झाला होता, क झाला होता, री अर्धी. रागाने माझं डोकं फुटत होतं आणि डोळे मात्र सवयीने माप घेत होते. गुडघा काटकोनापलीकडे वाकतो, वाटीचा मागचा काठ वर येऊन मांडीत रुततो, लायनर काठाशी ताणतो. सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या शिडीवर उभी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. निळी नखं, झिजलेली टाच, टर्पेंटाइन, घाम. मी आंधळी आहे की काय?

तो खाली उतरला, स्टुलावर बसला, गुडघ्यामागे हात घालून चोळत राहिला. बेकरीवाला बाहेर आला, काहीतरी म्हणाला, आणि धाकटा मान मागे टाकून हसला. असा हसताना मी त्याला अपघातानंतर पाहिलेला नाही. मी समोर जाऊन उभी राहणार होते, पण ते हसणं मोडवेना. तशीच घरी आले.

११ मे, रविवार

काल तो आला आणि मी सगळं बोलले. तोही बोलला.

मार्चपासून जातो आहे. मी कामावर गेले की निघतो, मी यायच्या आत परततो. छापखान्याच्या वर एक खोली बघून ठेवली आहे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. उजेड चांगला आहे म्हणे, पाट्या तिथेच रंगवता येतील आणि राहताही येईल.

"इथे काय कमी आहे तुला?" मी विचारलं.

"काहीच नाही गं. काहीच कमी नाही, तेच तर सांगतोय."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना? पुन्हा फाटलं तर गुडघा जाईल."

"आणि तुझ्या हॉलमध्ये बसून राहायला गुडघा लागतो कशाला, ताई?"

मी म्हटलं, तोंड सांभाळून बोल. तो म्हणाला, "तू मला पाय केलास, फार चांगला केलास. पण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतचा केलास."

मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी चुकले असं मला वाटत नाही. ज्याने जखमेवर मलम लावलं त्याला एवढं तरी बोलायचा अधिकार असतो. त्याचा स्टंप मी बघितला नाही, त्यानेही दाखवला नाही. कातडी फुटली असेल का, याच विचाराने जेवण गेलं नाही.

१४ मे, बुधवार

प्लास्टरवालीजवळ मन मोकळं केलं. वाटलं, माझी बाजू घेईल. ती प्लास्टर कालवत ऐकत राहिली आणि म्हणाली, "एक सांग. नवीन रोगी आला की तू पहिला प्रश्न काय विचारतेस?"

मी म्हटलं, "काम काय करता, दिवसभर पायाकडून काय करून घेणार."

"भावाला विचारलंस?"

हा प्रश्न मीच इथल्या प्रत्येक शिकाऊ पोरीच्या डोक्यात बसवला आहे. हमालाचा पाय वेगळा, शिक्षिकेचा वेगळा, हे मीच ओरडून सांगते. आणि घरचा पाय करायला घेतला तेव्हा तोंडी आलाच नाही तो प्रश्न. त्याचं काम मला माहीत होतं ना! पण ते काम संपलं, असं मीच ठरवून टाकलं होतं. त्याला न विचारता.

घरी जाऊन म्हटलं, उद्या कार्यशाळेत ये, रोगी म्हणून. तो म्हणाला, "रांगेत उभा राहू का?"

१५ मे, गुरुवार

तो आला, रांगेत बसला, नंबर आल्यावर खुर्चीवर येऊन बसला. आधी स्टंप बघितला. लायनर सहज उतरला, कातडी शाबूत आहे, पण गुडघ्यामागे वाटीच्या काठाची लाल रेघ उमटली आहे. टायरवाल्या सरांनी निम्मं काम केलं, निम्मं माझ्याकडे बाकी आहे.

मग मी इतर रोग्यांना विचारते तसं विचारलं, "काम काय करता तुम्ही?" माझ्या भावाला मी जन्मात पहिल्यांदा तुम्ही म्हटलं. प्लास्टरवालीने तोंडावर पदर, म्हणजे एप्रन, धरला. पण तो हसला नाही.

"पाट्या रंगवतो, बाई."

"दिवसभर पायाकडून काय करून घेणार?"

मग त्याने सांगितलं. आधी कुठला पाय वर टाकतो. एका पायरीवर अक्षर पुरं होईपर्यंत कसं उभं राहावं लागतं. वजन कसं टाचेवर नाही, मधल्या तळव्यावर येतं. उभी रेघ वरून खाली ओढताना गुडघा कसा हळूहळू वाकत जातो, आणि त्याच वेळी हात मात्र थरथरून चालत नाही. इतका वेळ तो माझ्याशी वर्षभरात सलग बोलला नव्हता. मी मान खाली घालून ऐकत होते, कारण वर बघितलं असतं तर रडले असते.

डॉक्टरीणबाईंना जाऊन खरं काय ते सांगितलं. त्या दोघांवरही भडकल्या. शेवटी म्हणाल्या, "नवी वाटी करा. महिनाभर कातडी टिकली तर मी काही बोलणार नाही. फुटली तर शिडीही बंद आणि बोलणंही बंद."

१९ मे, सोमवार

कार्यशाळेतली शिडी मधोमध उभी केली. वाटीचं माप माणसाला बसवून घेतात. आज आम्ही ते शिडीवर घेतलं. धाकटा दुसऱ्या पायरीवर गुडघा वाकवून उभा, प्लास्टरवाली खाली वाकून ओलं प्लास्टर गुंडाळते आहे, आणि मी शिडी धरून. "ताई, इतकी आवळून धरू नकोस, शिडी कुठे पळत नाही," तो वरून म्हणाला. मी हात सैल केले, पण सोडले नाहीत.

वाटीचा मागचा काठ बोटभर खाली आणला आणि बाहेर वळवला. लायनरचा खडबडीत पट्टा तिथे रुंद केला. पाऊलही बदललं, मधल्या तळव्यावर वजन पेलणारं घेतलं.

३१ मे, शनिवार

धाकटा आज खोलीवर राहायला गेला. टेम्पोत सामान म्हणजे खाट, रंगांचे डबे, दोन पिशव्या आणि माळ्यावरचा स्टोव्ह. स्टोव्ह मीच घासून दिला. मी सोबत जाते म्हटलं, तर म्हणाला, आज नको, आधी मला मांडू दे.

आणखी काही लिहावंसं वाटत नाही.

१४ जून, शनिवार

आज त्याची तपासणी होती. महिना होत आला. सकाळपासून माझ्या हातून दोन वस्तू पडल्या.

तो चालत आला. लायनर गुंडाळून काढला. गुडघ्यामागे मी बोट फिरवलं, उजेडाकडे वळवून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. लाल रेघ नाही, फोड नाही. व्रणाच्या कडेची कातडी इतर कातडीसारखीच झाली आहे. रोज शिडी, रोज तीन जिने, आणि तरीही. डॉक्टरीणबाई खाली येऊन बघून गेल्या. "गुडघा तुमचा," एवढंच त्याला म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून गेल्या. माझ्या उभ्या आयुष्यातलं हे सगळ्यात चांगलं काम आहे.

त्याने पाय चढवला आणि विचारलं, "आता पुन्हा कधी यायचं?"

"दर आठवड्याला," मी म्हटलं. "सांगता येत नाही, लक्ष ठेवायला लागतं."

प्लास्टरवालीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि आपल्या कामात मान घातली. तो म्हणाला, बरं, आठवड्याला येत जाईन. कामाचा दिवस मोडणार होता त्याचा, पण कुरकुरला नाही. निघाला. उतारावरून खाली जाताना त्याचा खांदा जरासुद्धा कलत नव्हता. अनोळखी माणसाला तर कळलंही नसतं.

मी धावत दारापर्यंत गेले आणि हाक मारली. तो वळला.

"अरे, आठवड्याला नको. सहा महिन्यांनी ये. पाय उत्तम आहे. मी उगाच सांगितलं."

तो तिथेच उभा राहिला. वाटलं, चिडेल. तो म्हणाला, "ते मला कळलं होतं गं." आणि मग, "उद्या रविवार आहे. तू ये खोलीवर. भात आता खाली लागत नाही. तीन जिने आहेत पण, तुझे गुडघे चालतील ना?"

मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांची उठाठेव तू करू नकोस. तो गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले, आणि फार हलकं वाटलं.

घरी आल्यापासून काय काय न्यावं याची जुळवाजुळव चालली होती. खिडकीला पडदे, एक चांगला तवा, पायपुसणं. पिशवी भरली, मग रिकामी केली. त्याने जेवायला बोलावलं आहे, पडदे मागितलेले नाहीत. उद्या रिकाम्या हाताने जायचं आहे, आणि ते मला जमलं पाहिजे.